रशियनमध्ये एम.ए. करायचं ठरवताय?

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मुंबईत कलिन्याला किंवा पेडर रोडच्या रशियन हाऊसमध्ये दोन-तीन वर्षं रशियन शिकलेली मुलं एम.ए.च्या प्रवेशाच्या दिवसांत बहुतेक एकच प्रश्न विचारतात: कुठलं विद्यापीठ चांगलं? प्रश्न रास्त आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण त्याच्याही आधी एक हिशोब मांडून बघायला हवा, तो म्हणजे आज आपल्याला रशियन नेमकं किती येतं. दस्तयेव्स्की वाचण्याच्या ओढीने एम.ए.ला आलेली हुशार मुलं पहिल्याच सत्रात गळाठतात, ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. पदविकेपर्यंतची भाषा आणि साहित्याच्या वर्गात लागणारी भाषा यांच्यात किती अंतर आहे हे त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

हे अंतर आकड्यांत सांगता येतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशियाची अधिकृत भाषा-परीक्षा आहे, ती आपल्याकडे ‘टॉर्फल’ या नावाने ओळखली जाते. तिच्या प्रत्येक पातळीसाठी किमान शब्दसंख्या ठरलेली आहे. प्राथमिक पातळीला सुमारे ७८० शब्द, त्यापुढच्या पातळीला १३०० आणि बी-१ला २३००. इथवर चढण सोपी आहे. पण बी-२ला हा आकडा एकदम १०,००० होतो. त्यातले ६००० शब्द स्वतःच्या बोलण्या-लिहिण्यात यावेत, उरलेले वाचताना कळावेत, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे पदविका किंवा उच्च पदविका चांगल्या गुणांनी पास झालेला विद्यार्थी साधारण बी-१च्या आसपास असतो. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी शब्दकोश बाजूला ठेवून वाचायची तर बी-२ लागतं. मधले जवळजवळ आठ हजार शब्द कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाहीत. ते ज्याचे त्याने मिळवायचे असतात.

म्हणून प्रवेश घ्यायच्या आधीचं वर्ष किंवा निदान उन्हाळ्याची सुट्टी या कामासाठी राखून ठेवा. शब्दांच्या याद्या पाठ करून हा डोंगर चढता येत नाही. रशियन शब्द कुटुंबांनी राहतात. ‘पिसात्’ म्हणजे लिहिणं. त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून ‘पद्पिसात्’ म्हणजे सही करणं, ‘पिरिपिसात्’ म्हणजे पुन्हा उतरवून काढणं, ‘अपिसात्’ म्हणजे वर्णन करणं, ‘झपिसात्’ म्हणजे टिपून ठेवणं असे शब्द होतात. आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द लहानपणापासून वापरणाऱ्या माणसाला ही रचना परकी वाटायचं कारण नाही. वहीच्या एका पानावर एक धातू आणि त्याचं सगळं गोत, अशी शंभर पानं भरली की वाचनाचा वेग बदललेला तुमचा तुम्हालाच जाणवेल.

इथेच मराठीची गोष्ट सांगायला हवी, कारण आपले विद्यार्थी रशियन शिकतात ते इंग्रजी पुस्तकांतून, आणि इंग्रजीला जे अवघड जातं ते आपल्यालाही अवघड आहे असं धरून चालतात. तसं नाही. रशियनमध्ये तीन लिंगं आहेत, मराठीतही आहेत. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ ही वाक्यं इंग्रजीतून रशियनमध्ये नेताना उलटीपालटी करावी लागतात. मराठीतून ती जवळजवळ जशीच्या तशी जातात, कारण थंडी ज्याला वाजते तो रशियनमध्येही कर्ता नसतो, चतुर्थीतच असतो. चांगल्यातला ‘च’ आणि चारातला ‘च’ आपण न शिकता वेगळे उच्चारतो. रशियनमध्ये या दोहोंना जुळणारी दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. क्रियापदाची पूर्ण आणि अपूर्ण अशी जी दोन रूपं रशियनमध्ये सगळ्यांना छळतात, तिथेही ‘पुस्तक वाचत होतो’ आणि ‘पुस्तक वाचून काढलं’ यांतला फरक ज्याच्या जिभेवर आहे त्याने इंग्रजीच्या काळांकडे कशाला जावं? खरी मेहनत लागते ती मृदू आणि कठोर व्यंजनांना, बदलत्या आघाताला आणि जाण्या-येण्याच्या क्रियापदांना. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं, एकदा एका दिशेने जाणं वेगळं, नेहमी जात-येत राहणं वेगळं. तेवढ्यावर जोर द्या.

आता विद्यापीठांकडे येऊ. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग ही दोन जुनी ठिकाणं आहेत. बाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठाचा स्लाव्ह भाषांचा विभाग आणि हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आहे. जेएनयूचं रशियन केंद्र विद्यापीठाहूनही जुनं आहे. १९६५मध्ये दिल्लीत रशियन अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली, ती पुढे १९६९मध्ये स्थापन झालेल्या जेएनयूत आली. बहुतेक केंद्रीय विद्यापीठांत प्रवेशासाठी सीयूईटीची पदव्युत्तर परीक्षा असते. राज्यातल्या विद्यापीठांच्या अटी वेगळ्या असतात. तुमची पदवी दुसऱ्या विषयातली आणि रशियन पदविकेतून शिकलेलं असेल, तर त्या वर्षीचं माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचा, कारण कोणती पदविका चालते हे तिथेच ठरतं.

माझं मत विचाराल तर, ज्याची भाषा अजून कच्ची आहे त्याने लहान विभाग निवडावा. वर्गात आठ-दहा मुलं असली तर रोज तोंड उघडावं लागतं. ज्याची भाषा पक्की आहे आणि ज्याला पुढे संशोधन करायचं आहे, त्याने ग्रंथालय पाहून जागा निवडावी. विभागात एकदा प्रत्यक्ष जा. कपाटात रशियन लेखकांच्या ग्रंथावली आहेत का, त्यांची पानं उलटलेली दिसतात का, नियतकालिकं कोणत्या सालापर्यंत येत होती, अध्यापक वर्गात रशियनमध्ये बोलतात की इंग्रजीत, हे पाहा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

रशियात जाऊन शिकायचं असेल तर तिथल्या एम.ए.ला ‘मागिस्त्रातुरा’ म्हणतात. मुदत दोन वर्षं, वर्षाची सुरुवात १ सप्टेंबरला. रशियन सरकार परदेशी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ठरावीक जागा राखून ठेवतं. त्याचा अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो आणि आपल्याकडची पहिली निवड रशियन हाऊसमार्फत होते. हालचाल आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर लगेच सुरू करावी लागते. अर्जात सहापर्यंत विद्यापीठं पसंतीक्रमाने देता येतात. शिक्षण शुल्क माफ होतं, वसतिगृहात जागा मिळते, थोडी शिष्यवृत्तीही मिळते. पण त्या रकमेत मॉस्कोत महिना निघत नाही, हे घरी आधीच सांगा. विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, व्हिसा हा खर्च आपला.

पसंतीक्रम लिहिताना सगळे जण मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग लिहितात. १७५५चं मॉस्को विद्यापीठ आणि १७२४चा वारसा सांगणारं पीटर्सबर्गचं विद्यापीठ यांचं नावच तसं आहे. परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवणं हेच ज्याचं मुख्य काम, ते मॉस्कोचं पुश्किन इन्स्टिट्यूट आपल्या विद्यार्थ्यांना अधिक मानवतं असं मला वाटतं. पण यादीत कझान आणि तोम्स्कसारखी शहरंही असू द्या. कझान विद्यापीठ १८०४चं. तरुण तोल्स्तोय तिथे प्राच्यभाषा शिकायला गेला होता आणि पदवी न घेताच बाहेर पडला. अशा शहरांत राहणं स्वस्त पडतं आणि इंग्रजीचा आधार कमी मिळतो. भाषेसाठी आलेल्या माणसाला हे दोन्ही लाभाचंच. रशियन बी-१ला पोचत नसेल तर आधी एक वर्ष तयारी विभागात घालवावं लागतं. त्याला तिथली मुलं ‘पोदफाक’ म्हणतात. ते वर्ष फुकट गेलं असं मुळीच समजू नका.

तिथली परीक्षा आपल्यासारखी तीन तासांचा पेपर लिहून संपत नाही. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची, तिच्यावरच्या दोन-तीन प्रश्नांचे मुद्दे कागदावर काढायला थोडा वेळ मिळतो, मग प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. गुण पाचपैकी, आणि दोन मिळाले की नापास. आपली मुलं इथे अडखळतात, कारण मनात असलेलं उत्तर बोलायची सवय नसते. भारतात असतानाच आठवड्यातून एकदा कुणातरी मित्रासमोर एका साहित्यिक प्रश्नावर दहा मिनिटं रशियनमध्ये बोलायचा सराव ठेवा.

कागदपत्रांची बाब रुक्ष आहे, पण एका चुकीपायी वर्ष जाऊ शकतं. गुणपत्रिका आणि पदवीचं रशियन भाषांतर प्रमाणित करून घ्यावं लागतं. व्हिसासाठी एचआयव्ही चाचणीचा दाखला लागतो. तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंदणी लगेच आणि वैद्यकीय तपासणी व बोटांचे ठसे ठरलेल्या मुदतीत व्हावे लागतात. विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी कार्यालय हे करून देतं, पण तारीख आपण लक्षात ठेवायची. मार्च २०२२पासून आपल्याकडची व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. पहिल्या महिन्याचे पैसे रोख जवळ ठेवा आणि तिथे बँकेत खातं उघडून ‘मीर’ कार्ड घ्या. परत आल्यावर पीएच.डी. किंवा अध्यापन करायचं असेल तर पदवीची समकक्षता मिळवावी लागते. त्यासाठी लागणारे मूळ कागद, अभ्यासक्रमाच्या तपशिलासह, तिथून निघण्यापूर्वीच विद्यापीठातून घ्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यापासून नोकरीचं किंवा शिक्षणाचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना रशियन सैन्याच्या करारावर सह्या करायला लावल्याचे प्रकार घडले आहेत, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याविरुद्ध वारंवार सावध केलं आहे. प्रवेश विद्यापीठाकडूनच घ्या, दलालाकडून नाही. सुट्टीतल्या कामाचा असो की घराच्या भाड्याचा, रशियनमधला कोणताही कागद पूर्ण कळल्याशिवाय त्यावर सही करू नका. शंका आली तर भारतीय दूतावासात विचारा.

नोकरीबद्दल थोडक्यात. नेट परीक्षेत रशियन हा विषय आहे. ती आणि पीएच.डी. झाली की अध्यापनाचा रस्ता खुला होतो, पण जागा मोजक्या. त्याखेरीज मागणी आहे ती तांत्रिक, वैद्यकीय आणि कायद्याच्या भाषांतराला. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमानं तयार झाली. कुडनकुलमच्या अणुभट्ट्या रशियन बनावटीच्या आहेत. ब्रह्मोस हा दोन्ही देशांचा जोड-उपक्रम आहे. अशा कामांत कागदपत्रं रशियनमध्ये असतात. औषध कंपन्यांना रशियन भाषिक देशांत नोंदणीसाठी माणसं लागतात. गोव्यात मोरजी, हरमल भागात हंगामात दुभाष्यांना काम असतं, मात्र त्यावर वर्ष निघत नाही. साहित्यात एम.ए. करतानाच एखाद्या क्षेत्राची परिभाषा नीट शिकून घेतलेली माणसं बेकार राहिलेली मी पाहिलेली नाहीत.

मग साहित्य कशासाठी? ज्यासाठी तुम्ही मुळात आलात त्यासाठी. एक उदाहरण जवळून पाहू. चेखवची ‘जाडा आणि बारका’ ही दोन-तीन पानांची कथा जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात असते. निकोलायेव्स्की रेल्वे स्थानकावर दोन शाळासोबती अचानक भेटतात, मिठ्या मारतात, अरे-तुरे करतात. बारका आपली बायको, मुलगा, नोकरी याबद्दल भडाभडा बोलतो. मग त्याला कळतं की जाड्या फार वरच्या हुद्द्यावर पोचलाय. त्या क्षणापासून बारक्याचं शरीर आक्रसतं आणि तो थेट ‘सरकार’ म्हणायच्या थाटात बोलू लागतो. शब्दांच्या टोकाला एक बारीकसा ‘स’ लागायला लागतो, पूर्वी कनिष्ठ माणूस वरिष्ठाशी बोलताना लावायचा तो. शब्दकोशात हा ‘स’ सापडतो, पण तो कानात वाजायला हवा. आणि दोघांच्या हुद्द्यांत नेमकं किती अंतर आहे हे कळायला पीटर पहिल्याने १७२२मध्ये केलेला चौदा श्रेण्यांचा तक्ता माहीत असावा लागतो. बारका आठव्या श्रेणीत आहे, जाड्या तिसऱ्या.

एवढं वाचून विद्यार्थी थांबतात. एम.ए.चं वाचन इथून पुढे सुरू होतं. चेखवच्या तीस खंडी ग्रंथावलीतल्या टिपा उघडल्या की कळतं, १८८३मध्ये ही कथा छापून आली तेव्हा जाड्या हा बारक्याचा नवा साहेबच निघत होता. १८८६च्या संग्रहासाठी चेखवने ते नातं काढून टाकलं. म्हणजे आता बारक्याने जाड्याला भ्यायचं काही कारणच उरलं नाही, तरी तो वाकतोच. कथेचा सगळा दंश त्या एका फेरफारात आहे. हे इंग्रजी भाषांतरातून हाती लागत नाही.

म्हणून पहिल्या सत्रापासून एक शिस्त लावून घ्या: कोणती आवृत्ती वाचतोय हे नेहमी वहीत लिहायचं. बुल्गाकोवची ‘मास्टर आणि मार्गारीता’ लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी ‘मस्क्वा’ मासिकात काटछाट होऊन आली. सोव्हिएत वाचकाला पूर्ण मजकूर १९७३ला मिळाला. ‘डॉक्टर झिवागो’ आधी १९५७मध्ये इटलीत निघाली, मायदेशात १९८८मध्ये. जुन्या प्रतीवर बेतलेला निबंध अशा वेळी अर्ध्यावर कोसळतो. तोल्स्तोयची नव्वद खंडी ग्रंथावली इंटरनेटवर मोफत आहे, रशियन भाषेचा राष्ट्रीय मजकूरसंग्रह (कॉर्पस) २००४पासून उपलब्ध आहे आणि त्यात एखादा शब्द कोणत्या लेखकाने कधी कसा वापरला हे शोधता येतं. १९१८पूर्वीची पुस्तकं हाताळायची असतील तर जुनी लिपी शिकून घ्या. तिला चार दिवस पुरतात.

वाचनाचा क्रमही इथेच सांगतो. ‘युद्ध आणि शांती’ने सुरुवात करू नका. तोल्स्तोयने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी, मग चेखवच्या सुरुवातीच्या कथा, मग पुश्किनच्या ‘बेल्किनच्या कथा’ आणि ‘कॅप्टनची मुलगी’. पुश्किनचं गद्य कोरडं वाटेल इतकं स्वच्छ आहे, ते वाचून कान तयार होतो. गोगोल त्यानंतर. दस्तयेव्स्की दुसऱ्या वर्षी.

लघुप्रबंधाचा विषय निवडताना मात्र बहुतेक जण चूक करतात. ‘दस्तयेव्स्कीच्या कादंबऱ्यांतील अपराधाची कल्पना’ असा विषय घेतला की ज्या वाटेवर हजारो रशियन संशोधक आधीच चालून गेलेत, त्याच वाटेवर आपण उधारीच्या ग्रंथालयानिशी निघतो. रशियन माणसाला जे करता येणार नाही असं काहीतरी घ्या, आणि ते तुमच्या दारात पडलेलं आहे. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात समुद्रमार्गे चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर राहिला, पुढे बिदरला गेला. त्याच्या प्रवासवर्णनात रशियनच्या मधोमध तुर्की-फारसी वाक्यं येतात. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. कोकण आणि जुन्नर पाहिलेल्या मराठी विद्यार्थ्याला त्या मजकुरात जे दिसेल ते मॉस्कोतल्या खोलीत बसलेल्याला दिसणार नाही. अण्णाभाऊ साठे १९६१मध्ये रशियाला गेले, ‘माझा रशियाचा प्रवास’ त्यांनी लिहिला, आणि २०२२मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. गोगोलच्या ‘रेविझोर’वरून पु. ल. देशपांड्यांनी ‘अंमलदार’ केलं. नोकरशाही बदलली, गाव बदललं, मग विनोद कुठे टिकला आणि कुठे नवा घडला? मॉस्कोत छापून इथे अगदी स्वस्तात विकली गेलेली मराठी पुस्तकं, अनिल हवालदारांसारख्यांनी थेट रशियनमधून केलेली, अजून अनेक घरांत आहेत. साने गुरुजींनी मराठीत आणलेलं तोल्स्तोयचं ‘कला म्हणजे काय?’ इंग्रजीवाटे आलेलं. मूळ रशियनशी ताडून पाहायला अशी कितीतरी मराठी पुस्तकं पडून आहेत.

विषय सुचला की मार्गदर्शकांकडे जाण्यापूर्वी मूळ रशियन मजकूर हातात आहे का, त्याची विश्वासार्ह आवृत्ती कोणती आणि मराठी बाजूची साधनं कुठल्या ग्रंथालयात मिळतात हे लिहून काढा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर अशा ठिकाणी एकेक दिवस बसा. जुन्या मासिकांचे अंक मिळायला वेळ लागतो. प्रबंध रशियनमध्ये द्यायचा असेल तर पहिलं टिपणही रशियनमध्येच करा, मोडकंतोडकं असलं तरी. इंग्रजीत सगळं लिहून शेवटी रशियन करायला बसणाऱ्यांचे सादरीकरणापूर्वीचे दोन महिने विचार सुधारण्यात न जाता विभक्ती प्रत्यय शोधण्यात जातात.